झाडाला कात्री लावताना: सिकेटरचा इतिहास आणि श्रावकाचा विवेक



"पाणी गाळून पिता, कंदमुळं खात नाही, आणि झाडाला मात्र कात्री लावता?" अंगणात चार झाडं असलेल्या जैन गृहिणीला हा प्रश्न कधी ना कधी कुणीतरी विचारतंच. प्रश्न खोचक आहे, पण चुकीचा नाही. वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे असं आपण मानतो. मग गुलाबाची फांदी कापताना आपण नेमकं काय करतो, याचं उत्तर आपल्यापाशी असायला हवं.

मुनिमहाराज हिरव्या पानालाही हात लावत नाहीत. श्रावकाला घरसंसारात स्थावर जीवांची हिंसा पूर्णपणे सोडता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी अणुव्रतं आहेत, आणि त्यांच्या जोडीला अनर्थदंडविरतीचं गुणव्रत आहे. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले. त्यातला एक प्रमादचर्या, म्हणजे काही कारण नसताना माती खणणं, पाणी सांडणं, झाडं तोडणं. दुसरा हिंसादान, म्हणजे कुऱ्हाड, तलवार, कुदळ अशी हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं. म्हणजे कोणतं हत्यार, कशासाठी आणि कुणाच्या हाती, हा विचार आपल्या धर्मात आधीपासून आहे. छाटणीची कात्री निवडताना तोच विचार करायचा. त्यासाठी या कात्रीचा इतिहास फार उपयोगी पडतो.

कात्री येण्याआधी हजारो वर्षं छाटणी सुरीने, विळ्याने आणि कोयत्याने होत असे. पहिल्या शतकातला रोमन लेखक कोलुमेला याने शेतीवर बारा भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात द्राक्षवेलीच्या छाटणीच्या विळ्याचं बारीक वर्णन आहे. एकाच पात्याचे सहा भाग आणि प्रत्येकाचं काम वेगळं! वाकडा भाग ओढून कापायला, एक भाग पुढे ढकलून तासायला, चोच पोकळ खरवडायला, मागची कुऱ्हाडीसारखी बाजू घाव घालायला, टोक अडचणीच्या जागी घालायला. कसबी माणसाच्या हातात या विळ्याने सुरेख काप होई. नवख्याच्या हातात मात्र शेजारचा डोळाही जाई, साल सोलली जाई, कधी स्वतःचं बोटही.

आपली कात्री जन्मली फ्रान्समध्ये, आणि तिचा जनक माळी नव्हता. बर्त्रां द मोलव्हिल (१७४४–१८१८) हा सोळाव्या लुई राजाचा मंत्री. १७९१-९२ मध्ये आरमाराचं खातं त्याच्याकडे होतं. राज्यक्रांतीचा वणवा वाढला तेव्हा तो इंग्लंडला पळाला. मागे राहिलेल्या राजाचा २१ जानेवारी १७९३ रोजी गिलोटिनवर शिरच्छेद झाला. पुढे १८१४ मध्ये राजघराणं परत गादीवर आल्यावर मोलव्हिल मायदेशी परतला, आणि आयुष्याच्या त्या शेवटच्या काही वर्षांत त्याने छाटणीची कात्री तयार केली. एका पात्याला धार, दुसरं आकडीसारखं, मध्ये खिळा आणि मूठ आपोआप उघडणारी स्प्रिंग. आजही बागेतल्या कात्रीची घडण हीच आहे. पात्याच्या धारेपासून जीव वाचवून पळालेल्या माणसाने म्हातारपणी झाडासाठी पातं घडवावं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

लॅटिनमध्ये 'सेकारे' म्हणजे कापणे. त्यावरून फ्रेंचमध्ये 'सेकातर' झालं, आणि तोच शब्द फिरत फिरत आपल्या द्राक्षबागांत 'सिकेटर' म्हणून रुजला. तासगावच्या किंवा निफाडच्या बागायतदाराला 'सिकेटर' म्हटलं की दुसरं काही सांगावं लागत नाही. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते, म्हणून छाटणी वर्षातून एकदाच. आपल्या उष्ण हवेत वेल तशी झोपत नाही, म्हणून दोन छाटण्या: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. सांगली-कोल्हापूरकडे आपले कितीतरी जैन बांधव पिढ्यान्‌पिढ्या शेती करतात. भगवान आदिनाथांनी असि-मसिबरोबर कृषीही शिकवली, हे विसरून चालणार नाही.

मात्र फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांत या कात्रीचं स्वागत लगेच झालं नाही. जुन्या जाणत्यांचा आक्षेप होता की विळा कापतो, कात्री चिरडते. आकडीकडची बाजू सालीवर दाबली जाते, जखम भरायला वेळ लागतो. दुसरीकडे कात्रीने काम भराभर होई आणि शिकायला विळ्याइतकी वर्षं लागत नसत. कात्री सर्वमान्य व्हायला कित्येक दशकं जावी लागली. मला त्या म्हाताऱ्या विळेकऱ्यांचा आक्षेप मोलाचा वाटतो. झाडाला किती लागतं हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि पुढची सुधारणा बऱ्याच अंशी त्याच प्रश्नाभोवती झाली.

१९२३ मध्ये जर्मनीत लोव्हे या नावाने वेगळ्या घडणीची कात्री आली. तिचं पातं दुसऱ्या पात्याला घासून पुढे जात नाही, खालच्या सपाट पट्टीवर येऊन टेकतं. सुरीने पाटावर भाजी चिरावी तसं. हिला ऐरणीची, म्हणजे अॅन्व्हिल कात्री म्हणतात. मोलव्हिलच्या घडणीची ती बायपास. बाजारात आजही मुख्यतः हेच दोन प्रकार आहेत, आणि निवडीची पहिली पायरी इथेच.

जिवंत, हिरव्या फांदीला बायपास घ्यावी. पाती एकमेकींजवळून सरकतात, काप स्वच्छ येतो. वाळक्या, कडक काटक्यांना ऐरणीची चालते, जोर कमी लागतो. पण हिरव्या फांदीला ती दोन्हीकडून दाबते. बायपास धरतानाही धारेचं पातं झाडाकडे आणि आकडी कापून टाकायच्या तुकड्याकडे ठेवावी, म्हणजे जे थोडं चिरडतं ते टाकायच्या भागात जातं. जुन्या विळेकऱ्यांच्या आक्षेपाला हे घरगुती उत्तर आहे.

१९४५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये फेलिक्स फ्लिश यांनी फेल्को कंपनी सुरू केली. त्यांच्या कात्रीचं वैशिष्ट्य म्हणजे पातं, स्प्रिंग, खिळा, सगळं सुटं मिळतं आणि बदलता येतं. लहान हातांसाठी वेगळी, डावखुऱ्यांसाठी वेगळी, अशाही कात्र्या त्यांनी काढल्या. मी कॉमर्सची, त्यामुळे घसारा डोक्यातून जात नाही. दर पावसाळ्याला गंजून फेकून द्यायची स्वस्त कात्री, की पातं बदलत वर्षानुवर्षं चालणारी महाग? अपरिग्रहाच्या दृष्टीनेही एकच टिकाऊ वस्तू बरी. कंपनी कोणतीही असो, दुकानात विचारावं, "याचं पातं सुटं मिळतं का?"

बाकी पाहायचं ते असं. मूठ पूर्ण उघडल्यावर आपल्या पंजात मावली पाहिजे, नाहीतर मनगट दुखतं. कुलूप अंगठ्याने लागलं पाहिजे. बोटाएवढ्या, म्हणजे फार तर दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या फांदीपर्यंतच कात्री वापरावी, पुढे करवत. बोथट धारेने कापलेलं झाड जास्त सोसतं, म्हणून धार लावून, स्पिरिटने पुसून, तेलाचा थेंब देऊन ठेवावी. एका झाडाचा रोग दुसऱ्याला त्याने जात नाही.

कापण्याआधी फांदी निरखावी: घरटं, कोळी, मुंग्या, अंडी. कोवळ्या पालवीत अनंत जीव सांगितले आहेत, म्हणून पालवी फुटण्याआधीच छाटणी उरकावी. माळीही हाच काळ योग्य मानतात. अष्टमी-चतुर्दशीला आणि दशलक्षण पर्वात कात्री कपाटात. आणि गंमत म्हणून मुलांच्या हाती किंवा कुणालाही सहज म्हणून ती द्यायची नाही, ते हिंसादानच.

मंदिरात षट्‌लेश्येचं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. जांभळं खायची म्हणून एक जण झाड मुळासकट उपटू पाहतो, दुसरा बुंधा तोडू म्हणतो, तिसरा मोठ्या फांद्या, चौथा लहान डहाळ्या, पाचवा फक्त फळं, आणि सहावा खाली पडलेली फळं वेचतो. कात्री हातात असलेली मी त्या चित्रात फार तर चौथ्याच्या शेजारी उभी आहे. त्या सुरुवातीच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे. हिंसा होत नाही असं मी म्हणत नाही. गरजेपुरती फांदी, तीही धारदार पात्याने आणि डोळे उघडे ठेवून कापते, इतकंच सांगते.

जय जिनेंद्र.