भरण आणि दाब : भरण-शीतनाच्या इतिहासासंबंधी एक टिपण

नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या बुटीबोरी येथे हैदराबादकडे व वर्ध्याकडे जाणारे मार्ग फुटतात. या मार्गांवरील मालमोटारींपैकी टाटांच्या ६९७ व ४९७ या एंजिनांच्या नावांपुढे ‘टीसीआयसी’ ही अक्षरे जोडलेली आढळतात. त्यांतील पहिली दोन टर्बोचार्जरची व पुढील दोन इंटरकूलरची होत. ‘इंटर’ म्हणजे मधला. तेव्हा हा शीतक नेमका कशाच्या मध्ये आहे, असा प्रश्न शब्दाच्या अभ्यासकास पडणे स्वाभाविक आहे.

या नावाचे मूळ मोटारीत नाही. एकोणिसाव्या शतकातील वायुसंपीडकांत हवा दोन टप्प्यांनी दाबीत, आणि त्या टप्प्यांमध्ये ती थंड करीत. तेथे ‘मधला शीतक’ हे नाव यथार्थ होते. अधिभरण, म्हणजे वातावरणाच्या दाबाने शिरेल त्याहून अधिक हवा सिलिंडरात भरणे, एंजिनास लागू झाले तेव्हा हा शब्दही त्याबरोबर आला. १९४२ साली स्पिटफायर-९ या विमानात बसविलेल्या मर्लिन एंजिनाचे अधिभरण दोन टप्प्यांचे होते. तेथे टप्प्यांमधील मार्गाभोवती शीतद्रव खेळविला होता आणि दुसऱ्या टप्प्यानंतरही स्वतंत्र शीतक होता. मोटारीत मात्र बहुधा एकच टप्पा असतो. शीतक त्याच्यानंतर येतो, तरी नाव ‘मधला’ हेच राहिले.

मोटारींचा इतिहास याहून वाकडा आहे. १९२१ साली मर्सिडीझने बर्लिनच्या प्रदर्शनात अधिभरित मोटारी मांडल्या. त्यांत शीतक नव्हता. १९३० नंतरच्या शर्यतींत मेथिल अल्कोहोलमिश्रित इंधनाच्या बाष्पीभवनाने भरण थंड करण्यात आले. १९६२ च्या ओल्ड्‌समोबिल जेटफायरमध्ये पाणी व मेथिल अल्कोहोल यांचे मिश्रण फवारीत. हवेने हवा थंड करणारा शीतक १९७८ साली पोर्शेच्या ३.३ लिटर टर्बो मोटारीत आला.

या सर्व प्रयत्नांचे प्रयोजन बुटीबोरीच्या उन्हाळ्यात सहज ध्यानी येते. बाहेरची हवा ४५ अंश सेल्सिअस असता ती दुप्पट दाबाने दाबली, आणि संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर तिचे तापमान सुमारे १४५ अंशांवर जाते. दाब दुप्पट होतो, परंतु घनता १.५२ पटच वाढते. हीच हवा ६५ अंशांपर्यंत थंड केल्यास घनता १.८८ पट होते. शीतकाच्या नळ्यांतून जाताना पाच टक्के दाब गमावला, तरी ती १.७९ पट राहते. दाबमापकाचा काटा मात्र खाली आलेला दिसतो!

येथेच गैरसमजाचे मूळ आहे. ‘भरण’ हा शब्द हवेचे वस्तुमान दर्शवितो, दाब नव्हे. काटा खाली आला म्हणून संपीडक अधिक वेगाने फिरविणारा मनुष्य हवा पुन्हा तापवितो. पेट्रोल एंजिनात त्यामुळे स्फोटक ठोके बसू लागतात आणि दट्ट्या निकामी होण्याचा संभव असतो.

अर्थात शीतनात सुधारणा करावयाची, तर प्रथम शीतकाकडे येणाऱ्या बाहेरच्या हवेचा विचार केला पाहिजे. ती रेडिएटरमधून तापून येता कामा नये, आणि शीतकाच्या बाजूने निसटूनही जाऊ नये. नळ्या आखूड असाव्यात व तप्त भागांपासून दूर असाव्यात. शीतकाचा आकार त्यानंतरचा विचार होय. पाण्याने थंड होणारा शीतक अल्पकाळच्या जोरास उपयोगी पडतो, कारण पाणी काही उष्णता साठवून ठेवते. तथापि लांबच्या प्रवासात ती उष्णता अखेर बाहेरच्या ४५ अंशांच्या हवेसच द्यावी लागते, आणि त्या तापमानाखाली भरण नेणे यांपैकी कोणत्याही शीतकास शक्य नाही.

सारांश, ‘इंटरकूलर’ या नावात जुन्या संपीडकाची स्मृती शिल्लक आहे, परंतु त्याच्या कार्याचा बोध त्यावरून होत नाही. मराठीत ‘भरण-शीतक’ म्हटल्यास स्थान अनुक्त राहते व कार्य स्पष्ट होते. दुरुस्ती करणाऱ्यास त्या कार्याचीच आठवण अधिक आवश्यक आहे.