तुंबलेली मोरी

गेल्या श्रावणांत आमच्या स्वयंपाकघरांतील मोरी तुंबली. घरांत चार माणसें, चौघेंही सुशिक्षित, आणि चौघांच्याही तोंडून एकच वाक्य निघालें : "कोणाला तरी बोलवा." त्या 'कोणाला तरी' या शब्दांत आपल्या समाजाच्या इतिहासाचें एक मोठें प्रकरण दडलें आहे, हें मला तेव्हां सुचलें नाहीं. बोलावलेला माणूस दोन दिवस आला नाहीं, पाणी उंबऱ्यापर्यंत चढलें, तेव्हां सुचलें.

मोहन-जो-दडो येथील उत्खननाची वार्ता जॉन मार्शल यांनीं १९२४ सालीं जगाला दिली, तेव्हां विद्वानांचें लक्ष मुद्रांकडे व मूर्तींकडे गेलें. मला तेथील गटारें अधिक बोलकीं वाटतात. भाजक्या विटांचीं, वरून झांकलेलीं हीं गटारें रस्त्याच्या कडेनें वाहत. घरोघरचें सांडपाणी त्यांस येऊन मिळे, आणि मध्यें मध्यें गाळ बसावा म्हणून खड्डे ठेवलेले असत. वरचीं झांकणें काढतां येत. अर्थात् गटार केव्हां तरी तुंबणारच हें बांधणाऱ्यानें आधींच गृहीत धरलें होतें. उत्खनक अर्नेस्ट मॅके यांना गटारांच्या कडेला गाळवाळूचे लहान लहान ढीग आढळले. कोणी तरी गाळ उपसला आणि तो उचलून न नेतां तेथेंच टाकून निघून गेला! चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या त्या कामगाराचा हा आळस आजच्या कोणाही शहरवासीयास ओळखीचा वाटेल. पण तो कोण होता, आणि त्याच्या हातचें पाणी शेजारी पीत होते कीं नाहीं, याविषयीं त्या विटा एक अक्षर बोलत नाहींत.

गटार घराशीं जोडलें कीं त्यांतील दुर्गंधीही घरांत शिरते. यावरची तोड अलेक्झांडर कमिंग नांवाच्या, लंडनांत दुकान असलेल्या एका घड्याळजीनें काढली. १७७५ सालीं त्यानें ज्या शौचकूपाचें पेटंट मिळविलें, त्याच्या खालची नळी इंग्रजी एस् अक्षरासारखी वांकविलेली होती. त्या वांकणांत थोडेंसें पाणी नेहमीं उभें राहतें; मैला त्यांतून पलीकडे जातो, पण पलीकडची हवा अलीकडे येत नाहीं. एवढ्याशा पाण्याच्या पडद्यावर आधुनिक घराची अब्रू अवलंबून आहे. मात्र जें वांकण वास अडवितें, तेंच शितें, केंस आणि नारळाच्या शेंड्याही अडवितें. न्हाणीघराच्या जमिनींत बसणाऱ्या अशा सोयीला आपल्याकडील कारागीर 'न्हाणी ट्रॅप' म्हणूं लागले, आणि तो शब्द आज देशभरच्या बांधकामाच्या पुस्तकांत 'नहाणी' या रूपानें वावरतो. आपल्या न्हाणीचें हें देशाटन मोठें गमतीचें आहे.

मुंबईंत हें वांकण येण्यापूर्वीं, आणि आल्यावरही पुष्कळ वर्षें, मैला टोपल्यांतून वाहून जाई. घरांच्या पाठीमागें जो अरुंद बोळ ठेवलेला असे, त्याला घरगल्ली म्हणत. पुढच्या दारानें पाहुणे येत, घरगल्लीनें टोपली जाई. ज्याच्या डोक्यावर ती टोपली असे, त्याला सरकारी दप्तरांत 'हलालखोर' म्हणत; १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल ॲक्टांत 'हलालखोर कर' या नांवाचा एक स्वतंत्र करच होता. हलालखोर म्हणजे कष्टाची, न्यायाची भाकर खाणारा. हें नांव अकबर बादशहानें दिलें असें अबुल फजल सांगतो. नांव एवढें उंच, आणि वाट मागच्या बोळांतून!

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपाताचे रोगी ओळखले, तेव्हां दोष प्रथम गटारांकडे गेला, व तीं औषधी पाण्यानें धुऊन काढण्याचा सपाटा सुरू झाला. रोग उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो, हें पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच वैद्यानें कराचींत प्रयोग करून दाखविलें तें १८९८ सालीं. लोक शहर सोडून पळत असतां अधिकाऱ्यांना मोठी धास्ती होती ती हलालखोर पळतील याची. व्यापारी गेले तर पेढ्या बंद पडतील. हे गेले तर शहरच बंद पडेल.

१८९६ सालींच राजकोटांत प्लेगच्या भीतीनें एक समिति नेमली गेली. गांधीजी तिच्यांत होते, आणि संडास तपासण्यावर त्यांनीं भर दिला. गरिबांनीं तपासणी करूं दिली व सुचविलेल्या सुधारणाही केल्या. धनिकांकडे मात्र कित्येक ठिकाणीं प्रवेशच मिळेना, आणि घाण त्यांच्याच संडासांत अधिक, असें त्यांनीं आत्मकथेंत नमूद केलें आहे. अस्पृश्यांच्या वस्तींत त्यांच्यासह जावयास समितीचा एकच सभासद तयार झाला. तेथें संडास नव्हतेच. पण घरें सारवलेलीं, अंगणें झाडलेलीं, आणि थोडकीं भांडीं लखलखीत होतीं.

आपल्याला जवळची गोष्ट रत्नागिरीची. १९३२ सालीं तेथील तुरुंगांत असलेल्या अप्पासाहेब पटवर्धनांनीं मैलासफाईचें काम आपणांस मिळावें अशी मागणी केली. तें काम विशिष्ट जातींच्या कैद्यांचें. ब्राह्मणाला तें देतां येत नाहीं, असें उत्तर आलें. तेव्हां काम मिळावें म्हणून हा गृहस्थ आपलें अन्न कमी करूं लागला! येरवड्याच्या तुरुंगांतून गांधीजींनीं त्यांच्या पाठिंब्यासाठीं ३ डिसेंबर १९३२ रोजीं उपोषण आरंभिलें, आणि सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर तें सोडलें. अप्पासाहेबांनीं पुढें कणकवलीजवळ गोपुरी येथें, मैला कोणाला डोक्यावरून वाहावाच लागूं नये अशा साध्या संडासांचे प्रयोग केले. मला त्यांच्या उपोषणापेक्षां हे प्रयोग मोठे वाटतात. कारण सोडतां येण्याजोगें काम हौसेनें करणें आणि जन्मामुळें गळ्यांत पडलेलें काम निमूटपणें करणें, या दोहोंत फार अंतर आहे. सफाईच्या कामाचा गौरव करून तें काम करणाऱ्यास तेथेंच ठेवण्याच्या वृत्तीवर डॉ. आंबेडकरांनीं १९४५ सालीं कठोर टीका केली. तिला समाधानकारक उत्तर मीं अजून वाचलेलें नाहीं.

आतां मूळ मोरीकडे. काम कठीण नाहीं, केवळ किळसवाणें आहे. जाळी काढावी, तिच्याखालीं बहुधा एक उपडी वाटी असते, ती उचलली कीं निम्मा गुंता हातीं लागतो. बेसिनखालीं बाटलीसारखा भाग असेल तर तो हातानें फिरवून सुटतो. आधीं खालीं बादली ठेवावी. संडास तुंबला असतां दांड्याची रबरी वाटी वापरावी. ती पाण्यांत पूर्ण बुडाली पाहिजे, कारण हवा सहज दबते, पाणी दबत नाहीं. आणि ढकलण्याइतकेंच ओढणेंही महत्त्वाचें. उतावीळ लोक ॲसिड ओततात. त्यावर ब्लीचिंगचें पाणी पडलें तर क्लोरीन वायु सुटतो. मैलाच्या टांकींत मात्र कोणीं उतरूं नये, कोणास उतरवूं नये. तेथील हायड्रोजन सल्फाइड वायु आधीं नाकाची शक्तिच मारतो; वास येईनासा होतो, आणि माणूस कोसळतो.

हातानें मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ सालीं झाला, दुसरा अधिक व्यापक २०१३ सालीं. १९९३ पासून गटारांत मेलेल्यांच्या कुटुंबांस दहा लाख रुपये द्यावेत, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं ठरविलें. ऑक्टोबर २०२३ मध्यें त्याच न्यायालयानें ती रक्कम तीस लाखांवर नेली. मृत्यु थांबले असते तर रक्कम वाढविण्याची वेळच आली नसती.

आमच्या मोरींतून निघाला तो काथ्याचा एक बोळा. पाणी भराभर जावें म्हणून जाळी बाजूस काढून ठेवण्याची आमच्या घरांत सर्वांनाच खोड आहे. त्या बोळ्यांत चांदीची एक इवलीशी चमची गुरफटलेली होती. ती हरवल्यावर दोन महिन्यांपूर्वीं आमच्याकडे भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंचा संशय घेण्यांत आला होता. उघड कोणी बोललें नव्हतें, पण त्यांना तें कळलें होतें. चमची धुऊन मीं ओट्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशीं बाई आल्या. चमची कोठें सांपडली तें मीं त्यांना सांगितलें आणि आमची चूक झाली असेंही म्हटलें. त्यांनीं ती हातांत घेऊन एकदां पाहिली, होती तेथें ठेवली, आणि कांहीं न बोलतां भांड्यांना बसल्या.