वेरूळच्या राणीचा फोटो

मरोळच्या आकाशात विमान दिसणे ही काही बातमी नव्हे. मरोळ, सहार, चकाला ही साष्टीतील जुनी गावे आज विमानतळाच्या शेजारधर्मानेच ओळखली जातात. डोक्यावरून विमान गेले की घरातील बोलणे क्षणभर थांबते आणि आवाज विरला की त्याच वाक्यापासून पुन्हा सुरू होते. तरीही इथल्या एखाद्या मुलाला प्रवासी विमानांच्या सुवर्णकाळातले एखादे विमान हात लावण्याइतक्या अंतरावरून पाहायचे असेल आणि घरच्यांसह त्याच्यासमोर फोटो काढायचा असेल, तर जवळपास ६०० किलोमीटर दक्षिणेला, गोव्याला जावे लागते. गंमत अशी, की तिथे उभे असलेले विमान मूळचे सांताक्रूझचे, म्हणजे मरोळच्या शेजारचेच. हा धागा त्या विमानाचा आहे.

दाबोळी विमानतळाला लागून, बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. ते १९९८ मध्ये सुरू झाले. आवारात सी हॉक, अलिझे, व्हॅम्पायर अशी नौदलाची निवृत्त विमाने उघड्यावर मांडलेली आहेत. त्या सर्वांत आकाराने नजरेत भरते ते चार इंजिनांचे, तीन शेपट्यांचे लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन. सुट्टीत गोव्याला आलेली कुटुंबे समुद्रकिनाऱ्यावरून परतताना इथे थांबतात आणि बहुतेकांची पहिली तक्रार एकच असते, ती म्हणजे विमान चौकटीत मावत नाही.

तक्रार खरी आहे. त्यामागचा हिशेब पाहण्यासारखा आहे. हे विमान नाकापासून शेपटीपर्यंत सुमारे ३४.५ मीटर लांब आहे आणि पंखांचा विस्तार ३७ मीटरांहून अधिक. मोबाइलच्या नेहमीच्या भिंगातून ते बाजूने पूर्ण घ्यायचे, तर किमान २५ मीटर मागे सरकावे लागते. तेवढे मागे सरकले की मध्ये दुसरे विमान, झाड किंवा दुसऱ्याच कुटुंबाचे काका येतात. रुंद भिंग लावले तर जवळून मावते खरे, पण नाक फुगते आणि शेपटी खेळण्यासारखी दिसते.

वडिलांच्या किंवा आजोबांच्या पिढीची अडचण याहून मोठी होती. भारतीय घरांत वर्षानुवर्षे वापरला गेलेला कॅमेरा म्हणजे आग्फा क्लिक थ्री. १२० च्या रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरचे बारा फोटो निघत. बारा म्हणजे बाराच. त्या कॅमेऱ्यातून एवढे विमान पूर्ण घ्यायला सुमारे ४५ मीटर दूर जावे लागले असते आणि मग विमानाजवळ उभ्या असलेल्या आजीची उंची निगेटिव्हवर तीन मिलिमीटरही भरली नसती. म्हणून जुन्या फोटोंत बहुधा आजी स्पष्ट दिसते आणि विमानाचे एखादे चाक. घरच्यांच्या दृष्टीने ती निवड योग्यच होती. इतिहासाच्या वाट्याला मात्र चाक आले.

त्या तीन शेपट्यांचे कारण शोभा हे नव्हे. विमान स्थिर राहण्यासाठी उभ्या पृष्ठभागाचे ठराविक क्षेत्रफळ लागते. ते एकाच उंच शेपटीत दिले असते, तर विमान त्या काळच्या हँगरांच्या दारातून आत गेले नसते. म्हणून तेच क्षेत्रफळ तीन बुटक्या शेपट्यांत वाटले गेले. आणि या रचनेतून डॉल्फिनसारखा वळणदार देह लाभलेले, आजवरच्या सर्वांत देखण्या प्रवासी विमानांपैकी एक जन्माला आले.

आता मुंबईचा संबंध. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन छोटे पस मॉथ विमान जुहूला उतरवले, ही कथा सर्वांना ठाऊक असते. त्यापुढचा मोठा टप्पा तुलनेने कमी सांगितला जातो. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. स्वातंत्र्याला वर्षही झाले नव्हते आणि एअर इंडिया इंटरनॅशनलची आंतरराष्ट्रीय सेवा सुरू झाली होती. (बरोबर ६६ वर्षांनी, ८ जून २०१४ रोजी, मरोळ नाक्यावरून जाणारी मुंबईची पहिली मेट्रो धावू लागली. हा निव्वळ योगायोग, पण तारीख लक्षात ठेवायला सोयीचा.)

पहिल्या विमानांची नावे ‘प्रिन्सेस’ होती. १९५४ पासून त्यांच्याहून लांब सुपर कॉन्स्टेलेशन विमाने आली, तेव्हा राजकन्यांच्या राण्या झाल्या: ‘रानी ऑफ झाँसी’, ‘रानी ऑफ अजंठा’, ‘रानी ऑफ एलोरा’. या विमानांच्या जोरावर कंपनी १९५५ मध्ये टोकियोला, १९५६ मध्ये सिडनीला आणि १९५८ मध्ये मॉस्कोला पोहोचली. गोव्यात उभे आहे ते ‘रानी ऑफ एलोरा’, आपल्या वेरूळची राणी.

या वैभवाला काळी किनारही आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ युरोपातील माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले आणि त्यातील सर्व ४८ जण मृत्युमुखी पडले. ११ एप्रिल १९५५ रोजी बांडुंग परिषदेसाठी हाँगकाँगहून जाकार्ताला निघालेल्या ‘काश्मीर प्रिन्सेस’मध्ये घातपाताने ठेवलेल्या बाँबचा स्फोट झाला. लक्ष्य होते चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय, आणि ते त्या विमानात नव्हतेच. कॅप्टन दामोदर जाटार यांनी जळते विमान समुद्रात उतरवले. १९ पैकी १६ जण गेले. वाचलेल्या तिघांत सहवैमानिक दीक्षित, नेव्हिगेटर पाठक आणि विमानाच्या देखभालीचे अभियंते अनंत कर्णिक होते. जाटार यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, कर्णिकांनी पुढे या प्रसंगावर पुस्तक लिहिले. इंजिनाच्या तेलाने माखलेल्या कपड्यांत काम करणाऱ्या माणसाच्या नजरेतून लिहिला गेलेला विमान-इतिहास आपल्याकडे फार थोडा आहे. त्यातले हे एक महत्त्वाचे पान.

राण्यांचे राज्य मात्र अल्पायुषी ठरले. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले आणि दोनच वर्षांत कंपनीचा सगळा ताफा जेटचा झाला. सात-आठ वर्षांची, धडधाकट विमाने एका रात्रीत जुनी झाली. मग काही राण्या हवाई दलाकडे गेल्या. पुण्याजवळच्या लोहगाव तळावरील सहाव्या स्क्वाड्रनने त्यांना सागरी टेहळणीला लावले. जिथे मखमली आसने होती तिथून आता समुद्र न्याहाळला जाऊ लागला. नोव्हेंबर १९७६ मध्ये ही जबाबदारी नौदलाकडे गेली, गोव्यात ३१२ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली आणि उरलेली पाच सुपर कॉन्स्टेलेशन तिला मिळाली. वेरूळची राणी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत उडत राहिली.

ती वाचली ती याच दुसऱ्या नोकरीमुळे. प्रवासी विमान म्हणून तिची आठवण कोणी जपली नाही. समुद्रावर घिरट्या घालण्याचे कंटाळवाणे काम तिने केले, निवृत्त झाली तेव्हा ती नौदलाच्या आवारात होती आणि पुढे त्याच नौदलाला संग्रहालय उभारायचे होते. मुंबईतच राहिली असती तर भंगारात गेली असती, असे खात्रीने म्हणता येणार नाही. पण मुंबईचा लौकिक त्या बाबतीत आश्वासक नाही.

‘विक्रांत’चे उदाहरण ताजे आहे. १९९७ मध्ये निवृत्त झालेली ही विमानवाहू नौका मुंबईत तरंगते संग्रहालय झाली. डेकवर आणि हँगरमध्ये विमाने मांडलेली होती, शाळांच्या सहली आणि कुटुंबे रांगा लावून ती पाहत. सुरक्षिततेच्या कारणास्तव २०१२ मध्ये ती बंद झाली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये दारूखान्यात तिचे तुकडे होऊ लागले. तिचे काही पोलाद मोटारसायकलींत गेले. मुंबईकरांकडे उरले ते त्या काळात काढलेले फोटो. सुदैवाने वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक ‘मारुत’ आहे. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या नेतृत्वाखाली भारतात घडलेले ते लढाऊ जेट, पहिले उड्डाण १७ जून १९६१. मरोळहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे हे खरे ऐतिहासिक विमान. पण ते लढाऊ. ज्या प्रवासी विमानांनी मुंबईला जगाशी जोडले, त्यांच्यासाठी या शहराने जागा ठेवली नाही. २२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाचे शेवटचे बोइंग ७४७ पंख हलवून निरोप घेत मुंबईहून उडाले, ते अमेरिकेत सुटे भाग काढून घेण्यासाठी.

हे अटळ नव्हते. मनिलाच्या विमानतळावर वर्षानुवर्षे गंजत पडलेले एक सुपर कॉन्स्टेलेशन ऑस्ट्रेलियातील क्वांटासच्या संग्रहालयाने २०१७ मध्ये भाग सुटे करून लाँगरीचला नेले आणि पुन्हा उभे केले. ते क्वांटासचे स्वतःचे विमानही नव्हते, केवळ त्याच जातीचे होते.

मुंबईत जुन्या विमानांची छायाचित्रे कमी का, यालाही एक कारण आहे. १९३७ च्या विमान नियमांतील १३ व्या नियमानुसार सरकारी विमानतळावर लेखी परवानगीशिवाय छायाचित्र काढायला मनाई होती. ब्रिटिश राजवटीत केलेला हा नियम स्वातंत्र्यानंतरही दशकानुदशके टिकला. प्रवाशांना विमानाच्या आतून फोटो काढण्याची मोकळीक मिळाली तीही २००४ मध्ये. त्यामुळे राण्यांची जी चित्रे आज सहज दिसतात त्यांत कंपनीच्या जाहिरातींचा भरणा मोठा. धावपट्टीवर घामेजलेला लोडर, शिडी ढकलणारा माणूस, इंजिनाखाली ठेवलेली तेलाची बादली यांची चित्रे दुर्मीळ आहेत.

म्हणून गोव्याला गेल्यावर पूर्ण विमान मावत नाही याची खंत करत बसू नये. एक फोटो शेपटीच्या मागून, थोडा तिरका घ्यावा. तीन शेपट्या तिथून उत्तम दिसतात आणि पंख आपोआप चौकटीत येतो. सकाळी लवकर जावे, दुपारी पांढऱ्या रंगावर सगळा तपशील उडून जातो. उघड्यावर, गोव्याच्या पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात ॲल्युमिनियम झिजत असते, म्हणून चाकांचे कोनाडे, रिव्हेटच्या रांगा, रंगाचे पोपडे हेही तारखेसह टिपावे. आणि क्रमांक जरूर घ्यावा. राणीचे आजचे नाव आयएन ३१५ आहे. एअर इंडियाच्या काळात ती व्हीटी-डीएचएम होती. आजोबांच्या पेटीतल्या एखाद्या धूसर फोटोत, आजीच्या खांद्यामागे, ही पाच अक्षरे दिसली तर ते विमान हेच.