पाचोड : एक ग्रामनाम आणि त्यातील वृक्ष

ग्रामनामे ही इतिहासाची साधने आहेत, हा विचार महाराष्ट्रात वि. का. राजवाडे यांनी आग्रहाने मांडला. कोरीव लेख भंगतात, कागद जळतात. गावाचे नाव मात्र पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले जात असल्यामुळे टिकते. परंतु ज्या उच्चारामुळे ते टिकते, त्याच उच्चारामुळे ते बदलतेही. म्हणून ग्रामनामाची साक्ष घेण्यापूर्वी त्याचा ध्वनिइतिहास तपासणे अवश्य ठरते. प्रस्तुत टिपणात छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या पैठण तालुक्यातील पाचोड या नावाचा असा विचार केला आहे. या नावात वृक्ष आहे काय, आणि असल्यास तो कोणत्या आधारावर मानावा, हा येथील प्रश्न आहे.

वृक्षांवरून पडलेली ग्रामनामे या जिल्ह्यात विपुल आहेत. पैठण तालुक्यातील पिंपळवाडी, कन्नड तालुक्यातील चिंचोली, वैजापूर तालुक्यातील बाभुळगाव, फुलंब्री तालुक्यातील वडोद ही सहज आठवणारी उदाहरणे. वृक्ष पूज्य म्हणून गावाला त्याचे नाव मिळाले, असे सामान्यतः समजले जाते. वड, पिंपळ व उंबर यांच्यापुरते हे पटण्यासारखे आहे. वटसावित्रीला वडाची पूजा होते, पिंपळाला पार बांधतात, उंबराखाली दत्ताचे स्थान असते. पण बाभूळ आणि बोर यांना पूजेत असे स्थान नाही. तरी त्यांची नावे धारण करणारी गावे महाराष्ट्रभर आहेत. यावरून असे दिसते की, नामकरणाचे मूळ कारण पूजा नसून खूण हे होते. जुन्या दानपत्रांत जमिनीच्या सीमा सांगताना ओहोळ, वारूळ, विहीर यांच्या जोडीने झाडांचा उल्लेख येतो, तो याच कारणाने. पूज्यतेने एवढेच केले की, काही खुणा कुऱ्हाडीपासून वाचल्या.

या नावांत कालाचे थरही दिसतात. पाचोड परिसराची आजची ओळख मोसंबीच्या बागांची आहे. परंतु मोसंबी हे नाव मोझांबिक या आफ्रिकी प्रदेशाच्या नावावरून आलेले, म्हणजे अर्वाचीन. जुन्या ग्रामनामांत त्याला जागा मिळाली नाही. चिंचही मूळची आफ्रिकेचीच, पण ती इतक्या प्राचीन काळी येथे रुजली की चिंचोली व चिंचवड ही नावे आपणांस देशी वाटतात. सीताफळाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. हे झाड अमेरिकेतून पोर्तुगीज काळात आले. तरी त्याला संस्कृत वळणाचे नाव मिळाले आणि लोकपरंपरेने ते सीतेशी जोडले. चार-पाच शतकांत परंपरा नव्या वस्तूला पुराणकाळाचा पोशाख चढवू शकते, हे यावरून ध्यानात येते. पाचोडविषयी विचार करतानाही ही सावधगिरी बाळगली पाहिजे.

पाचोड या नावाकडे पाहताच ‘पाच वड’ ही फोड सुचते. सुचणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. म्हणून ध्वनिनियमांकडे वळू. ‘वट’ याचे ‘वड’ हे रूप प्राकृतातच झालेले आहे. स्वरमध्यस्थ टकाराचा डकार होतो, असे वररुचीने ‘प्राकृतप्रकाशा’त सांगितले आहे. पैठण ही सातवाहनांची राजधानी, आणि हालाच्या ‘गाथासप्तशती’त गोदावरीकाठच्या लोकजीवनाबरोबर तेथले वृक्षही प्राकृत नावांनीच येतात. तेव्हा ‘वड’ हे रूप या प्रदेशात सुमारे दोन सहस्र वर्षांचे जुने मानण्यास हरकत नाही.

पुढचा टप्पा ‘पाचवड’ पासून ‘पाचोड’ पर्यंतचा. मराठीत ‘अव’चा संकोच होऊन ‘ओ’ होतो, याची लवण–लोण, नवनीत–लोणी ही प्रसिद्ध उदाहरणे आहेत. ग्रामनामांत याला अधिक जवळचा पुरावा आहे. कोकणात चिंचवली, तर देशावर चिंचोली. एकीकडे आंबवली, दुसरीकडे आंबोली. ही एकाच घडणीची नावे असून, त्यांतील भेद केवळ या संकोचाचा आहे. सातारा जिल्ह्यात पाचवड हे गाव आहे. चिंचवलीशी चिंचोलीचे जे नाते, तेच पाचवडशी पाचोडचे असावे. दोन्ही ठिकाणी चकारानंतरच हा बदल झाला आहे, हेही लक्षणीय आहे.

दोन पर्यायांचा विचार करणे न्याय्य होईल. पहिला ‘पद्र’ हा. वस्तीवाचक ‘पद्र’ वटपद्र या नावात आहे. आजच्या बडोद्याचे वटपद्रक हे जुने नाव इ. स. 812 च्या राष्ट्रकूट ताम्रपटात येते. पण तेथे उत्तररूपात दकार राहिला : वडोदरा, वडोद. त्या न्यायाने ‘पाचोद’ अपेक्षित होते, ‘पाचोड’ नव्हे. दुसरा पर्याय ‘पाच ओढे’. शब्दान्ती महाप्राण लोपल्याची उदाहरणे मराठीत आहेत (हत्थ–हात, भिक्खा–भीक). त्यामुळे ढकाराचा डकार होणे अशक्य नाही. परंतु ‘ओढा’ हा आकारान्त शब्द असून पाचोडमध्ये तो अन्त्य स्वर दिसत नाही. म्हणून तिन्हींत ‘पाच वड’ ही व्युत्पत्ती बलवत्तर ठरते.

मात्र ती मान्य केली, तरी गावाच्या वेशीवर वडाचीच पाच झाडे होती असे लगेच म्हणता येणार नाही. याच गोदावरीवर वरच्या अंगाला नाशिकची पंचवटी आहे. संस्कृत परंपरेत पंचवटी म्हणजे अश्वत्थ, बिल्व, वट, धात्री व अशोक अशी पाच भिन्न झाडे मानली आहेत. तेथे ‘वट’ हा पूज्य वृक्षसमूहाचा प्रतिनिधी झाला आहे. मराठा कुळांच्या देवकांतही पंचपल्लव आहे, आणि तेथेही पाच निरनिराळ्या झाडांची पालवी असते. ‘पाच’ ही संख्या मोजणीची की संकेताची, याचा निर्णय भाषाशास्त्र एकटे देऊ शकत नाही.

तो निर्णय जुन्या लेखनातून आणि शिवारातून व्हावयाचा आहे. येथे मराठवाड्याच्या इतिहासाने एक अडचण उभी केली आहे. 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि सरकारी दप्तर आधी फारसीत व पुढे उर्दूत होते. त्या लिपीत ‘व’ आणि ‘ओ’ या दोहोंसाठी वाव हे एकच अक्षर येते. त्यामुळे पाचवड व पाचोड एकसारखेच लिहिले जातात. याउलट मोडी लिपीत हा भेद स्पष्ट राहतो. म्हणून या भागातील देशमुख, देशपांडे, कुलकर्णी आदी वतनदार घराण्यांतील मोडी कागदांचे मोल प्रस्तुत प्रश्नापुरते सरकारी दप्तराहून अधिक आहे.

शिवाराचा पुरावा याहून नाजूक आहे. वडाचे शेत, चिंचेचा माळ, आंब्याचा मळा अशी शेतांची नावे शेतकऱ्यांच्या तोंडी असतात. सर्व्हे क्रमांक आणि पुढे गट क्रमांक आल्यावर सरकारी व्यवहारात त्यांची गरज उरली नाही. झाड पडले तरी शेताचे नाव एक-दोन पिढ्या टिकते. पण ते उच्चारणारा गेला की कोणताही कागद ते परत देत नाही. ग्रामनामाचे तसे नाही. ते फलकावर आणि टपालाच्या शिक्क्यावर सुरक्षित आहे. यास्तव पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी कोशांतील व्युत्पत्तींवर नवी व्युत्पत्ती रचण्याआधी एकेका गावाच्या शिवारातील नावे, ती सांगणाऱ्याच्या उच्चारासह आणि गट क्रमांकासह, टिपून घेणे हे अधिक निकडीचे कार्य आहे. पाचोड बुद्रुक व पाचोड खुर्द या दोन शिवारांपासून त्याचा आरंभ करता येईल.