१६ सप्टेंबर : आंतरराष्ट्रीय ओझोन दिन

१९८७ : ओझोनचा थर वाचवण्यासाठी माँट्रियल करारावर सह्या. फ्रीज-एसीतल्या सीएफसी वायूंमधला क्लोरीन ओझोनचा फडशा पाडतो, हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच मांडले होते. १९९५ मध्ये त्यांना क्रुट्झन यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला. २००३ पासून इथल्या नव्या फ्रीज-एसीत सीएफसी नाही. दुकानात असो वा घरात, फ्रीजमागची पट्टी वाचा : 'आर-६००ए' म्हणजे ओझोनला निर्धोक आयसोब्युटेन. जुन्या एसीतला 'आर-२२' मात्र ओझोनला मारकच. दुरुस्तीच्या वेळी मेकॅनिकला तो हवेत सोडू देऊ नका, सिलिंडरमध्ये काढून घ्यायला सांगा.