खडकांची दरी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत युटा संस्थानाच्या दक्षिण सीमेजवळ ‘मेक्सिकन हॅट’ नांवाचें एक लहान गांव आहे. टोपी घातल्यासारखा दिसणारा एक खडक जवळच उभा आहे, त्यावरून तें नांव पडलें. तेथें सान हुआन नदी ओलांडून मोटार नैर्ऋत्येकडे वळली, कीं थोड्याच वेळांत तांबड्या खडकांचे प्रचंड मनोरे क्षितिजावर दिसूं लागतात. कांहींची उंची भोंवतालच्या जमिनीपासून १,००० फुटांपर्यंत भरते. इंग्रजींत या प्रदेशाला मॉन्युमेंट व्हॅली, म्हणजे स्मारकांची दरी, म्हणतात.

हे मनोरे कोणी उभारले? भूगर्भशास्त्राचें उत्तर असें कीं, एके काळीं ही सारी भूमि मनोऱ्यांच्या माथ्याइतक्या उंचीचें सलग पठार होती. तिच्यांत तीन प्रकारचे थर होते. तळाशीं मऊ मृत्तिकाश्म. मध्यें सुमारें २७ कोटि वर्षांपूर्वींच्या वाळूच्या टेकड्यांपासून बनलेला वालुकाश्म. आणि वर कठीण खडकाचें झांकण. पावसानें तळचा मऊ थर झिजला, कीं वरच्या वालुकाश्माचा आधार सुटतो आणि त्याचे उभे कपचे कोसळतात. म्हणून भिंती ओळंब्यांत तुटलेल्या आणि पायथे मात्र उतरते दिसतात. झांकण टिकलें तोंवर डोंगर टिकला. तें गेलें, कीं रुंद डोंगराचा मनोरा होतो आणि मनोऱ्याचा सुळका. तांबडा रंग खडकांतील लोहाच्या गंजाचा आहे.

परंतु या दरीला माणसांचाही इतिहास आहे, आणि तो वेगानें जाणाऱ्या मोटारींतून दिसत नाहीं. येथील रहिवासी स्वतःला ‘दिने’ म्हणवितात. या शब्दाचा अर्थ ‘लोक’. जग त्यांना नावाहो म्हणून ओळखतें. मेंढ्या पाळणें, मका पिकविणें आणि लोकरीचीं वस्त्रें विणणें हा त्यांचा जीवनक्रम.

१८६३ सालीं अमेरिकन सरकारनें किट कार्सन याच्या हाताखालीं त्यांच्यावर फौज धाडली. फौजेनें मोठ्या लढाया न देतां शेतें जाळलीं, मेंढरें मारलीं आणि १८६४ सालीं चेली दरींतील सप्ताळूच्या बागाही तोडल्या. भुकेनें शरण आलेल्या हजारों लोकांना ३०० मैलांहून अधिक अंतर पायीं चालवून न्यू मेक्सिकोंतील बोस्के रेदोंदो येथें नेलें. तेथील पाणी खारें होतें आणि पिकें किडीनें बुडालीं. आठ हजारांहून अधिक माणसें तेथें कोंडलेलीं होतीं. त्यांपैकीं दोन हजारांवर दगावलीं असें मानलें जातें. होस्किनिनी नांवाचा एक नायक मात्र थोडीं माणसें घेऊन नावाहो पर्वताच्या आसऱ्याला गेला आणि अखेरपर्यंत हातीं लागला नाहीं.

१८६८ सालीं सेनापति शर्मन यानें या लोकांना दुसऱ्याच एका प्रदेशांत वसविण्याची सूचना केली. बार्बोन्सितो या नावाहो पुढाऱ्यानें ती नाकारली आणि आपल्याच भूमींत जाऊं द्या, एवढेंच मागितलें. १ जून १८६८ रोजीं तह झाला आणि ते लोक घरीं परतले. हद्दपार केलेल्या जमातीला स्वतःचा देश परत मिळाल्याचीं उदाहरणें अमेरिकेच्या इतिहासांत फार थोडीं आहेत.

पुढें बाहेरचा माणूस या दरींत निरनिराळ्या लोभांनीं आला. १८८० सालीं मेरिक आणि मिचेल हे दोघे चांदीच्या शोधांत येथें मारले गेले. दोन डोंगरांना आज त्यांचीं नांवें आहेत. १९३० नंतरच्या दशकांत सरकारनें चराऊ जमीन वांचविण्याच्या नांवाखालीं नावाहोंचीं मेंढरें सक्तीनें कमी केलीं आणि दारिद्र्य वाढलें. अशा वेळीं गोल्डिंग नांवाचा येथील व्यापारी दरीचीं छायाचित्रें घेऊन हॉलिवुडला गेला. जॉन फोर्ड या दिग्दर्शकानें १९३८ सालीं येथें ‘स्टेजकोच’चें चित्रण केलें. नावाहोंना मजुरी मिळाली. पण पडद्यावर त्यांना अपाची म्हणून गाडीवर हल्ला करावा लागला! नंतर युरेनियमच्या खाणी आल्या. धोक्याची सूचना न मिळतां नावाहो मजूर त्यांत उतरले, आणि त्यांच्या फुप्फुसांच्या रोगांची भरपाई देणारा कायदा व्हावयास १९९० साल उजाडावें लागलें.

१९५८ सालीं नावाहो राष्ट्रानें या दरीला आपलें स्वतःचें उद्यान म्हणून घोषित केलें. १७ मैलांच्या कच्च्या रस्त्यानें प्रवासी आतां मनोऱ्यांमधून हिंडतो, तो त्यांचा पाहुणा म्हणून. त्यांच्या भाषेंतील दरीच्या नांवांत स्मारक हा शब्द नाहीं. त्यांत आहेत ते खडक. स्मारकें गतकाळाचीं उभारतात. येथें तर मनोऱ्यांच्या सावलींत अजून मेंढ्या चरत असतात.