नौदल हवाई संग्रहालय, गोवा

नौदल हवाई संग्रहालय हे गोव्यातील वास्को द गामा शहराजवळ, बोगमाळो येथील भारतीय नौदलाचे संग्रहालय आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये ते सुरू झाले. नौदलाच्या हवाई शाखेची निवृत्त विमाने व हेलिकॉप्टरे येथे जतन केली आहेत.

पार्श्वभूमी

नौदलाची पहिली विमाने, सीलँड, १९५३ मध्ये कोचीस आली. त्याच वर्षी ११ मे रोजी तेथे आयएनएस गरुड हा तळ कार्यान्वित झाला. १९६१ मध्ये विक्रांत ही पहिली विमानवाहू युद्धनौका दाखल झाली. गोवामुक्तीनंतर दाबोळी विमानतळ नौदलाकडे आला आणि १९६४ मध्ये आयएनएस हंसा हा तळ कोइमतूरहून तेथे हलविण्यात आला.

संग्रह

उघड्या प्रांगणात सीलँड, सी हॉक, पाणबुडीविरोधी अलिझे, सी हॅरियर, मूळची एअर इंडियाची सुपर कॉन्स्टेलेशन इत्यादी विमाने आहेत. १९७१ च्या युद्धात विक्रांतवरील सी हॉक विमानांनी चितगाव व कॉक्स बाजारवर हल्ले केले होते. इमारतीतील दालनांत युद्धनौकांच्या प्रतिकृती, शस्त्रे व गणवेश मांडले आहेत.

संशोधनातील महत्त्व

विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाल्यावर मुंबईत तिचे संग्रहालय करण्यात आले. ते २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणास्तव बंद झाले आणि २०१४ मध्ये नौका मोडीत निघाली. त्यामुळे तिच्यावरून उड्डाण केलेल्या प्रकारांची येथील विमाने हा त्या कालखंडाचा महत्त्वाचा वस्तुरूप पुरावा ठरतात. समुद्राकाठची खारी हवा व पावसाळा यांमुळे उघड्यावरील विमानांचे जतन हे मात्र कायमचे आव्हान आहे.

लिखित साधनांत सत्यिंद्र सिंह व गु. मो. हिरानंदानी या नौदल अधिकाऱ्यांनी लिहिलेले नौदलाच्या इतिहासाचे इंग्रजी खंड प्रमुख आहेत. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ मध्ये मुंबईत स्थापन केलेली मेरिटाइम हिस्टरी सोसायटी सागरी इतिहासाच्या अभ्यासास चालना देते.

अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयात ॲडमिरल डेविट क्लिंटन रॅमझी यांच्या नावाची, नौदल हवाई इतिहासासाठीची स्वतंत्र अभ्यासवृत्ती आहे. तिच्याद्वारे अभ्यासकाला संग्रहालयात राहून तेथील वस्तू व कागदपत्रांच्या आधारे संशोधन करता येते. विमानांबरोबर त्यांच्या नोंदवह्या, छायाचित्रे आणि वैमानिक व तंत्रज्ञांच्या आठवणी अभ्यासल्या गेल्या, तरच असा संग्रह इतिहासलेखनाचे साधन बनतो.